‘जोईने कहुं छुं’ म्हणून गप्प झालेला क्लायंट

प्रश्न थोडक्यात असा: ‘ताई, मी बडोद्यात निजामपुऱ्यात राहते. दीड वर्ष झालं, घरून ग्राफिक डिझाइनची कामं घेते. अलकापुरीत दोघे भाऊ मिळून कॅफे काढतायत, त्याचा लोगो आणि मेनू कार्ड माझ्याकडे आहे. बोलणं थोरल्याशी होतं. अर्धा ॲडव्हान्स मिळाला. मी तीन ऑप्शन पाठवले, त्यावर “जोईने कहुं छुं बेन”, बघून सांगतो, एवढंच आलं. त्याला आज सोळा दिवस झाले. दोनदा “कसं वाटलं?” विचारलं. निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही. याआधीच्या दोन क्लायंटनी तर फाइल घेतली, पैसे दिले आणि बरं-वाईट एक शब्द बोलले नाहीत. आवडलं नसेल तर तोंडावर सांगावं ना! गप्प का बसतात?’

सोळा दिवस उत्तर नाही म्हटल्यावर माणूस आपल्याच कामात खोट शोधत बसतो. ती फाइल तू दहादा उघडून बघितली असशील. मी चोवीस वर्षं हे काम करतेय. मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांचे कॅटलॉग, मसाल्याची पाकिटं, दवाखान्यांच्या पाट्या. अजूनही पीडीएफ पाठवून दोन दिवस उत्तर आलं नाही की पोटात गोळा येतो. पण आजवर जितक्या गप्प क्लायंटच्या दारात जाऊन बसले, त्यातल्या फार थोड्यांना काम नापसंत होतं. बाकीच्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि ते सांगायची सोय मी त्यांना करून दिलेली नव्हती.

हे मला जिथे कळलं तो प्रसंग जरा सविस्तर सांगते.

व्हॉल्व्ह बनवणारा छोटा कारखाना होता. मालक साठीचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. सोळा पानांचा कॅटलॉग. मी फाइल पाठवली, त्याच दिवशी उत्तर आलं, ‘सरस छे बेन, जोईने कहुं छुं.’ मग पाच आठवडे काही नाही. तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा प्रेमाने बोलले, माझ्या आईची तब्येत विचारली, पावसाचं बोलले, कॅटलॉगचं नाव काढलं की ‘हा हा, कहुं छुं’. शेवटी मी सगळी पानं प्रिंट काढून घेऊन गेले. टेबलावर काच, काचेखाली देवांचे फोटो आणि व्हिजिटिंग कार्डं, बाहेर लेथचा आवाज. चहा आला. काका एकेक पान उलटत होते. सरस, सरस. सातव्या पानाच्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा थांबला. जरा जास्तच थांबला. मग पान उलटलं.

मी पान परत मागे घेतलं आणि विचारलं, ‘काका, इथे काय आहे?’

त्या पानावर बॉल व्हॉल्व्हचा मोठा फोटो होता. फोटो काढताना आम्ही हँडल दोन्ही तऱ्हांनी ठेवून बघितलं होतं, आणि पाइपला आडवं असलेलं मला दिसायला भारदस्त वाटलं म्हणून तो फोटो मी निवडला. शेजारी मोठ्या अक्षरात ओळ होती, पूर्ण प्रवाह, कुठेही अडथळा नाही. आता बॉल व्हॉल्व्हचं हँडल पाइपच्या रेषेत असलं की व्हॉल्व्ह उघडा, आडवं असलं की बंद. नळदुरुस्तीवाल्याच्या हाताखालच्या पोरालाही हे ठाऊक असतं. मला नव्हतं. बंद व्हॉल्व्हच्या शेजारी मी लिहून ठेवलं होतं की पाणी धो धो वाहतंय. काकांना हे फाइल उघडली त्याच दिवशी दिसलं होतं.

मग बोलला का नाहीत? त्यांचं वाक्य माझ्या कानात आहे. ‘मने एम के बेनने खोटुं लागशे.’ बेनला वाईट वाटेल. पंधरा पानं मनासारखी झाली होती, मी उन्हात त्यांच्या शेडमध्ये दोन दिवस उभी राहून फोटो काढून घेतले होते, आणि एका हँडलवरून मला काय बोलायचं, असं त्यांना झालं. चहा संपल्यावर दुसरं कारण निघालं. दुरुस्ती सांगितली तर वेगळे पैसे पडतील का, हे त्यांना माहीत नव्हतं आणि विचारणं बरं दिसेना. तिसरं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर होतं. पहिल्या आठवड्यात सांगितली असती तर ती साधी दुरुस्ती होती. चौथ्या आठवड्यात सांगायची तर ‘इतके दिवस का गप्प होतात’ याचंही उत्तर द्यावं लागणार. उशिराची लाज वाटते, त्या लाजेने आणखी उशीर होतो. तुझा कॅफेवाला आज सोळाव्या दिवशी नेमका इथे असण्याची शक्यता बरीच आहे.

वाईट बातमी तोंडातून न निघणं हा माणसाचा स्वभावच आहे, आणि त्याचा अभ्यासही झालेला आहे. 1970 मध्ये सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्यावर प्रयोग मांडले. एका माणसाला दुसऱ्यासाठी फोनवर आलेला निरोप पोचवायचा होता, कधी चांगल्या बातमीचा, कधी वाईट बातमीचा. चांगली बातमी लोक हौसेने पुरी सांगत. वाईट असली की फोन आला होता एवढंच सांगून पुढचं गाळण्याकडे कल दिसला. याला त्यांनी ‘मम इफेक्ट’ नाव दिलं, इंग्रजीत ‘मम’ म्हणजे तोंड मिटून गप्प. त्या बातमीशी निरोप्याचा काही संबंधही नव्हता! इथे तर ज्या बाईने राबून काम केलं तिलाच सांगायचंय की यातलं अमुक मला पटलं नाही.

आपल्या मराठी घरांत याचीच दुसरी चाल. ‘छान आहे हं, कळवते.’ या ‘कळवते’ला तारीख नसते. गुजराती क्लायंट निदान ‘चालशे’ म्हणतो तेव्हा आवाजावरून कळतं की चालतंय की नुसतं चालवून घेतोय. आपल्या ‘छान’वरून मला आजही कळत नाही.

पण भिडेपेक्षा मोठी अडचण मला शब्दांची वाटते, आणि तिच्याकडे आपल्या धंद्यात फार कमी लोक लक्ष देतात. मी इथल्याच फाइन आर्ट्सची. 1949 मध्ये एम.एस. विद्यापीठ झालं आणि पाठोपाठ ही फॅकल्टी उभी राहिली. तिथे आम्हाला जुरीची सवय होती. काम भिंतीवर लावायचं, मास्तर आणि बरोबरीची पोरं समोर उभी, आणि प्रत्येकाने बोलायचं. चार-पाच वर्षांत कान आणि जीभ दोन्ही तयार होतात. ‘वजन डावीकडे पडतंय’, ‘अक्षरांना श्वास नाही’ असलं आपण सहज बोलून जातो. कॅफेवाल्याने अशी जुरी कधी बघितलेली नाही. लोगो बघून त्याला काहीतरी होतं, ते खरंच होतं, पण त्याला नाव काय द्यायचं? ‘जरा बरोबर नाही वाटत’ म्हणालो तर बेन विचारणार, काय बरोबर नाही? आणि आपल्याकडे उत्तर नाही. म्हणून तो तोंडच उघडत नाही. शिकलेल्या माणसाला तर हे जास्त जड जातं, कारण आपण अडाणी दिसू ही भीती त्यालाच जास्त.

सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांचा अनेक भाषांतला कोश करवून घेतला होता, तो 1931 मध्ये निघाला. कारकुनाला योग्य शब्द हाताशी मिळावा म्हणून एका राजाने एवढा खटाटोप केला. आपण क्लायंटला निदान वीस शब्द देऊ शकतो. मी एक कागद बनवलाय, गुजराती आणि मराठीत. त्यावर जोड्या आहेत: भरगच्च–मोकळं, महागडं–परवडणारं, गंभीर–हसरं, जुनं घराणं–नवं दुकान, ओरडतंय–पुटपुटतंय, बायकांचं वाटतं–पुरुषांचं वाटतं, मुंबईचं वाटतं–गावचं वाटतं. प्रत्येक जोडीमध्ये एक रेघ. क्लायंटने रेघेवर दोन खुणा करायच्या, आत्ता काम कुठे आहे आणि त्याला कुठे हवंय. काही बोलावं लागत नाही. दोन खुणांमध्ये अंतर दिसलं की मला माझं काम कळतं. सर्वात जास्त उपयोग ‘ओरडतंय–पुटपुटतंय’चा झाला, का ते मला सांगता येणार नाही, पण त्या रेघेवर लोक अजिबात अडखळत नाहीत.

आणि खुणा करायला पेन देऊ नकोस, पेन्सिल दे. पेनाने लोक एक-दोन खुणा करून थांबतात, जणू सहीच करतायत. पेन्सिलने पान भरून टाकतात. खोडता येतं ना!

‘कसं वाटलं?’ हा प्रश्न मात्र आजपासून बंद कर. त्याला दोनच उत्तरं आहेत, ‘छान’ किंवा गप्प. हा प्रश्न विचारून आपण त्या माणसाला आपल्याबद्दल निकाल द्यायला सांगतो, आणि निकाल देणं त्याला नको असतं. उलट ज्यातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं ते विचार. काकांना मी आता विचारते, ‘तक्त्यात 15 ते 50 मिलिमीटरच्या साइज घेतल्यात, 65ची घालू का?’ याला ते मशीनपाशी उभे राहून, तेलकट हातात फोन धरून उत्तर देतात. आणि एकदा उत्तर द्यायला लागले की पुढचं वाक्य आपोआप येतं, ‘अने बेन, पेला फोटामां...’ आणि ताई, त्या फोटोत...

दांडिया बाजारातल्या एका बाईंचं सांगते. घरून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करून विकतात. पाकिटाच्या दोन नमुन्यांवर तीन आठवडे ‘कळवते हं’ चाललं होतं. मी दोन्ही नमुने खऱ्या मापात साध्या कागदावर छापले, त्यांच्याच भाजणीच्या पिशव्यांवर चिकटवले आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, बाकीच्या डब्यांच्या रांगेत ठेवून दिले. म्हटलं, आज काही सांगू नका, दोन दिवस राहू द्या. दुसऱ्याच दिवशी फोन आला. सासूबाईंनी ओट्यापाशी उभ्या उभ्या निकाल लावला होता: ‘ही भाजणी मातीसारखी दिसते. खमंग कुठे दिसते?’ खरंच होतं. मी पाकिटाला राखाडीकडे झुकणारा तपकिरी रंग दिला होता. स्क्रीनवर तो शांत, सुरेख वाटायचा. स्टीलच्या डब्यांशेजारी मेलेला वाटत होता. त्याला थोडा तांबूस केला आणि काम एका दिवसात मंजूर झालं. सूनबाईंना तीन आठवडे तेच जाणवत होतं. ‘काहीतरी उदास आहे’ एवढंच त्यांना वाटायचं, आणि एवढ्यावर तुम्हाला परत कामाला कसं लावायचं, असं त्या म्हणाल्या.

या प्रसंगात दुसरीही गोष्ट आहे. निर्णय सूनबाईंचा नव्हताच. ज्याच्याशी आपलं बोलणं होतं तो आणि ज्याचा शब्द चालतो तो, हे वेगळे असतात. बडोद्यात धंदे घरचे. बाप-लेक, भाऊ-भाऊ, नणंद-भावजय. आपल्याशी बोलणाऱ्याला घरातलं मत जमवता येत नाही, आणि ‘आमच्यात अजून ठरत नाहीये’ हे बाहेरच्याला सांगणं घराची अब्रू काढल्यासारखं वाटतं. तुझ्या कॅफेत दोन भाऊ आहेत आणि तू तीन ऑप्शन पाठवलेत. थोरल्याला एक आवडला असेल, धाकट्याला दुसरा, आणि गाडी तिथेच अडली असेल. माझ्या मते आपल्या धंद्यातली निम्मी शांतता या जास्तीच्या ऑप्शननी ओढवून घेतलेली असते. मीही पूर्वी पाच-पाच पाठवायचे, मेहनत दिसावी म्हणून. आता एकच पाठवते, आणि त्यासोबत सांगते की हाच का निवडला. नापसंत झाला तर दुसरा करते. एकावर माणूस बोलतो. तिनांत तो निवड करत बसतो, आणि निवड लांबणीवर टाकता येते.

फाइलचंही बघ. वीस-पंचवीस एमबीची पीडीएफ बहुतेक लोक फोनवर उघडतच नाहीत, नंतर कॉम्प्युटरवर बघू म्हणतात, आणि ते ‘नंतर’ कधी येत नाही. मी पूर्ण फाइल ईमेलने पाठवते आणि व्हॉट्सॲपवर फक्त एक चित्र, ज्या भागाबद्दल विचारायचंय तेवढ्याचंच, बोटांनी मोठं न करता वाचता येईल असं. खाली एक प्रश्न. उत्तर आवाजात दिलं तरी चालेल, असं मुद्दाम लिहिते. गुजरातीत टाइप करायचा कंटाळा करणारा माणूस दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज सहज पाठवतो, आणि त्यात तो लिहून कधीच सांगितलं नसतं ते सांगून जातो.

कधी पाठवतो हेही महत्त्वाचं. छोट्या मालकाकडे जीएसटीची गडबड महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास असते, त्या दिवसांत त्याचं डोकं बिलांत. नवरात्रीचे नऊ दिवस बडोदा रात्री जागतं, तेव्हा सकाळी कोणाकडून उत्तराची अपेक्षाच ठेवू नये. दिवाळीला बंद झालेलं काम लाभपाचमीला उघडतं. 14 आणि 15 जानेवारीला सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर. मार्चबद्दल बोलायलाच नको. यातल्या कुठल्याही दिवसांत आलेली शांतता मी मनाला लावून घेत नाही.

आता एक गोष्ट, जी मला कळायला पंधरा वर्षं लागली. क्लायंट आपल्याला जे सांगत नाही ते तो प्रेसवाल्याला सांगतो. रावपुऱ्यात एका गल्लीत माझी बरीच कामं छापली जातात. तिथे मशीनपाशी उभी होते, तर ऑपरेटर म्हणाला, ‘बेन, ते दवाखानेवाले मागच्या वेळी म्हणत होते की फोन नंबर फार बारीक आलाय.’ दवाखानेवाल्यांनी मला दोन वर्षांत हे सांगितलं नव्हतं, दर वेळी तेच कार्ड परत छापून नेत होते. प्रेसवाल्याशी भीड नसते, कारण त्याने ते बनवलेलं नसतं. तेव्हापासून प्रेसमध्ये जाऊन ‘माझ्या कामाबद्दल कोण काय बोललं’ हे विचारणं मी कधी चुकवत नाही. तू फक्त स्क्रीनवरचं काम करत असशील तर क्लायंटचा सोशल मीडिया बघणारा मुलगा, काउंटरवरची मुलगी, वेबसाइट चढवणारा, यांच्यापैकी कोणीतरी तुझा प्रेसवाला आहे. त्याला शोध.

सगळी शांतता निरुपद्रवी असते असं मात्र नाही. मी साधारण अशी ओळखते. माणूस सकाळी सुप्रभातचा फोटो पाठवतोय, फोन उचलतोय, हवापाण्याचं बोलतोय आणि कामाचं तेवढं टाळतोय, तर ती भीड किंवा घरातला गुंता. फोन अजिबात उचलत नाही, पण मेसेज वाचतोय, तर बहुतेक वेळा पैशाची ओढाताण किंवा प्रोजेक्टच थांबलाय. कॅफेच्या बाबतीत जागेचं भाडं, परवाने, काहीही असू शकतं, बाहेरून एकदा चक्कर मारून बघ, आत काम चालू आहे का. आणि फाइलची ‘ओपन’ कॉपी, म्हणजे ज्यात कोणालाही बदल करता येतात ती, मागून मग गप्प झाला, तर काम दुसऱ्याकडे गेलं असं समज. सर्वात कडू शांतता ही, आणि तिच्यावर गोड बोलण्याचा उपाय नाही. म्हणून ओपन फाइल पूर्ण पैसे आल्याशिवाय देऊ नये. माझं एक मोठं काम असंच गेलं, सहा महिन्यांनी माझाच आराखडा दुसऱ्या रंगात छापलेला दिसला. त्यांचं नाव घेत नाही. तेव्हाचा राग आता नाही, पण त्या दिवसापासून कागदावर लिहून घ्यायला लागले.

कागदाचं थोडं सांगते, कारण तू लहान आहेस आणि हे आत्ताच लावून घेतलंस तर पुढे त्रास वाचेल. ऑनलाइन प्लॅटफॉर्मनी क्लायंटची शांतता गृहीतच धरली आहे. अपवर्कवर ठरीव किमतीच्या कामात तू काम सादर केल्यावर क्लायंट 14 दिवस काहीच बोलला नाही तर पैसे आपोआप सुटतात. फायव्हरवर डिलिव्हरीनंतर 3 दिवसांत उत्तर आलं नाही तर ऑर्डर पूर्ण झाली असं धरतात. अलकापुरीतल्या कॅफेशी आपला व्यवहार व्हॉट्सॲपवर, तिथे हा नियम कोणी लिहिलेला नाही, म्हणून तो आपण लिहायचा. माझ्या कोटेशनवर तीन ओळी असतात. ‘ड्राफ्ट मिळाल्यापासून 7 कामाच्या दिवसांत दुरुस्त्या कळवाव्यात. दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्या किमतीत धरल्या आहेत. 7 दिवसांत काही न कळवल्यास काम पुढच्या रांगेत जाईल व तारीख नव्याने ठरेल.’ मधली ओळ काकांमुळे आली. ॲडव्हान्स घेताना ती मी मोठ्याने वाचून दाखवते, आणि वर म्हणते की दुरुस्ती सांगणं हे तुमचं काम आहे, मला त्याचं वाईट वाटणार नाही, न सांगितलं तर वाटेल.

पुऱ्या झालेल्या कामासाठी कायदाही आपल्या बाजूचा आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात असं आहे की माल किंवा सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असं धरायचं. लेखी करार असला तरी पैशाची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते, फुकट होते, एकटीने घरून काम करणारी डिझायनरही करू शकते. पुढचं काम घ्यायच्या आधी करून टाक. तुझ्या आत्ताच्या भांडणाला मात्र हे लावू नकोस. तीन ऑप्शन म्हणजे पुरी झालेली सेवा नव्हे, तो मधला टप्पा आहे, आणि तिथे कायद्याची भाषा काढलीस तर उरलेलं दारही बंद होईल.

आता राहिले ते दोघे, फाइल घेऊन, पैसे देऊन एक अक्षर न बोललेले. त्यांचं गप्प राहणं तू मनात धरून बसली आहेस ते मला प्रश्नावरूनच कळलं. कौतुक ऐकावंसं वाटतं, त्यात काही चूक नाही, मलाही वाटतं. पण आपल्याकडे वेळेवर पूर्ण पैसे देणं हेच पुष्कळ लोकांचं ‘छान झालं’ असतं. तीन-चार महिन्यांनी तू स्वतः जा आणि बघ. तुझं काम वापरात आहे का? बोर्डावर आहे का, बिलबुकावर आहे का, मालकाच्या व्हॉट्सॲपच्या डीपीवर आहे का? डीपीवर असेल तर त्याला ते मनापासून आवडलंय, एवढं मी खात्रीने सांगते. आणि कुठेच दिसलं नाही तर विचार, ‘वापरताना कुठे अडलं?’ यात तुझ्यावर निकाल नाही, वापरावर आहे. याला लोक खरं उत्तर देतात. मला एकदा उत्तर मिळालं होतं, ‘बेन, शिक्क्यात तुमचा लोगो नुसता डाग दिसतो.’ रबर स्टँपचा विचार मी केलाच नव्हता. त्यानंतर मी प्रत्येक लोगो दोन सेंटिमीटरच्या गोलात काळ्या शाईने छापून बघते.

कॅफेच्या थोरल्या भावाला उद्या सकाळी, दहा-साडेदहाला, गुजरातीत आणि तुझ्या आवाजात साधारण असा मेसेज पाठव:

‘नमस्ते भाई. तीनपैकी दोन मी बाजूला ठेवलेत, एकच परत पाठवतेय, दारावरून जाणाऱ्याला लांबून वाचता येईल म्हणून हा निवडला. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. बोर्डाला किती फूट जागा मिळतेय? आणि मेनूत भाव छापायचे की जागा कोरी ठेवायची? काही खटकत असेल तर मोकळेपणाने सांगा, दुरुस्ती किमतीतच धरलेली आहे. मंगळवारी चारला मी अलकापुरीत आहे, प्रिंट घेऊन पाच मिनिटं येऊ का? धाकटे भाई असतील तर बरं होईल.’

सोळा दिवसांचा उल्लेख करू नकोस. त्याने केला तर ‘काही हरकत नाही, कामाच्या गडबडीत होतं’ म्हणून लगेच पुढे जा, त्या लाजेतून त्याला सुटू दे. लोगोचा प्रिंट बोर्डाच्या प्रमाणात मोठा काढ आणि टेबलावर ठेवू नकोस, समोरच्या भिंतीला टेपने लाव आणि दोघांना रस्त्यावर उभं करून दाखव. पर्समध्ये दोन पेन्सिली टाक. एक थोरल्याच्या हातात दे, एक धाकट्याच्या, आणि मग थोडा वेळ तू काही बोलू नकोस.